शिकलगार शीख वस्तीसाठी दसवंध: फी, शाळा की माणूस?

आपला प्रश्न मला असा समजला. पुण्यात स्थायिक झालेली आपली काही कुटुंबे, त्यांत काही पंजाबी शीख आणि काही मराठी, दसवंध म्हणून उत्पन्नाचा ठरावीक भाग दरमहा बाजूला काढत आहेत आणि ती रक्कम मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या शिकलगार शीख वस्तीतील मुलांच्या शिक्षणासाठी खर्च करण्याची आपली इच्छा आहे. मुलांना जवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालून त्यांची फी भरावी, वस्तीतच स्वतःची छोटी शाळा काढावी, की एखाद्या मोठ्या शीख संस्थेकडे रक्कम सोपवावी, असे तीन मार्ग आपण मांडले आहेत. इंग्लंडमधील नातेवाईकांची मदत कशी स्वीकारावी, हेही विचारले आहे.

मी अनेक वर्षे मराठवाड्यातील शिकलगार वस्त्यांमध्ये, शीख दात्यांच्या आणि गुरुद्वारा समित्यांच्या आधाराने चालणाऱ्या शिक्षणाच्या कामात आहे. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की पहिली दोन वर्षे या तीनपैकी कोणताही मार्ग धरू नये. आपला पैसा आधी वस्तीतल्याच एका शिकलेल्या तरुणीच्या किंवा तरुणाच्या मानधनावर आणि मुलांच्या कागदपत्रांवर खर्च व्हावा. फी, इमारत आणि मोठ्या संस्थेशी भागीदारी यांचा निर्णय त्यानंतर अधिक डोळसपणे घेता येतो. असे का म्हणते, ते सविस्तर सांगते.

आधी मूळ अडचण कोणती, ते पाहू. आपल्या प्रश्नात एक गृहीतक आहे, की या मुलांचे शिक्षण पैशाअभावी थांबते. ते काही अंशी खरे आहे, पण पैशाची अडचण जिथे आपण समजतो तिथे नसते. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक वस्त्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. शिक्षण हक्क कायद्यामुळे, म्हणजे २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमामुळे, आठवीपर्यंत तिथे फी नाही, पाठ्यपुस्तके मिळतात आणि दुपारचा पोषण आहारही मिळतो. तरीही मूल गळते, आणि ते साधारणपणे तीन ठिकाणी गळते. पहिली गळती तिसरी-चौथीच्या सुमारास होते. जत्रा-बाजारांच्या हंगामात आईवडील कढया, तवे, चाळण्या विकायला किंवा कुलूप-किल्ल्यांची कामे करायला गावोगाव जातात, मूल त्यांच्याबरोबर जाते, आणि परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. दुसरी गळती सातवीनंतर होते, कारण हायस्कूल लांब असते आणि मुलीला एकटीने पाठवायला घरचे धजत नाहीत. तिसरी दहावीनंतर होते. जात प्रमाणपत्राशिवाय शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही आणि राखीव जागाही नाही, हे तोपर्यंत कोणी घरी सांगितलेलेच नसते. या तिन्ही ठिकाणी केवळ फी भरून काही साधत नाही.

ही वस्ती कोणाची आहे, हेही थोडे समजून घ्यायला हवे, कारण आपल्या गटातील मराठी मंडळींना त्याची कल्पना असेलच असे नाही. शिकलगार, ज्यांना पंजाबात सिकलीगर म्हणतात, ते शस्त्रे घडवणारे आणि त्यांना धार व झळाळी देणारे कारागीर. सहावे गुरू हरगोबिंद यांच्या काळापासून गुरूंच्या फौजेशी त्यांचा संबंध सांगितला जातो. गुरू गोबिंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले आणि तिथेच त्यांचे निर्वाण झाले. आपले पूर्वज त्यांच्याबरोबर दक्षिणेत आले, अशी दख्खनमधील अनेक शिकलगार घराण्यांची श्रद्धा आहे. तलवारींचा काळ सरल्यावर हा समाज घरगुती लोखंडी वस्तूंकडे वळला, आणि कारखान्यांतील स्टील व प्लॅस्टिकच्या वस्तूंनी तोही बाजार आक्रसून टाकला. आज नांदेड, परभणी, जालना, पुण्याचा हडपसर परिसर अशा अनेक ठिकाणी त्यांच्या वस्त्या आहेत. धर्माने ते शीख आहेत, राहणीने पुष्कळसे मराठी आहेत, आणि पंजाबातल्या सुखवस्तू शीख समाजापासून व आसपासच्या मराठी समाजापासून सारखेच दूर पडले आहेत. त्यातच बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणांमुळे काही ठिकाणी सगळ्या वस्तीकडे संशयाने पाहिले जाते, आणि त्याची झळ शाळेतल्या सात-आठ वर्षांच्या मुलालाही लागते. मदत करणाऱ्याने हे ध्यानात ठेवून वस्तीत पाऊल टाकावे.

आता कागदपत्रांविषयी. दात्यांना हा भाग रुक्ष वाटतो, पण माझ्या मते आपल्या पैशाचा सर्वांत मोठा परतावा इथे आहे. महाराष्ट्रात शिकलगार ही जात भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात येते. पंजाबात मात्र तीच जात अनुसूचित जातींमध्ये आहे. अनुसूचित जातींची यादी ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू समाजाबाहेरच्या ज्या मोजक्या जातींना स्थान मिळाले, त्यांत तिकडच्या मजहबी, रामदासी, कबीरपंथी आणि सिकलीगर या चार शीख जाती होत्या. त्यामुळे पंजाबातून आलेले दाते आणि संस्था अनेकदा अनुसूचित जातीचा दाखला मागतात, जो इथल्या कुटुंबाला मिळूच शकत नाही. दुसरीकडे, महाराष्ट्रात शिकलगार म्हटले की पुष्कळांना मुस्लिम शिकलगार समाज आठवतो, आणि पगडी बांधलेला बाप तोच दाखला मागायला आला की खिडकीवरचा कर्मचारी गोंधळतो. प्रवर्ग जातीवर ठरतो, धर्मावर नाही, हे तिथे शांतपणे आणि यादी दाखवून सांगावे लागते.

विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी कुटुंबाचे महाराष्ट्रात वास्तव्य होते, असा पुरावा लागतो. फिरत्या कारागिराच्या घरात साठ वर्षांपूर्वीचा कागद कुठून येणार? तरीही शोधले तर पुष्कळ वेळा काहीतरी हाती लागते: आजोबांचे किंवा चुलत आजोबांचे नाव एखाद्या जुन्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीत असते, ग्रामपंचायतीच्या जुन्या कर पावतीवर असते, कधी एखाद्या जमिनीच्या उताऱ्यावर असते. हे शोधायला वेळ, प्रवासखर्च आणि चिकाटी लागते, आणि रोजंदारी बुडवून हे करणे बापाला परवडत नाही. काहीच सापडले नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे स्थानिक चौकशीची विनंती लेखी अर्जाने करावी लागते, आणि तिचा पाठपुरावा करायला पुन्हा माणूसच लागतो. एक गोष्ट मी प्रत्येक दात्याला आवर्जून सांगते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील एका व्यक्तीला जात वैधता प्रमाणपत्र मिळाले, की ते त्या भावकीतील इतरांच्या प्रकरणात भक्कम पुरावा ठरते. म्हणून सगळ्या मुलांचे अर्ज एकदम भरत बसण्याऐवजी प्रत्येक भावकीतून सर्वांत चांगले पुरावे असलेले एक प्रकरण निवडावे, वंशावळ नीट तयार करून ते शेवटापर्यंत न्यावे, आणि मग उरलेल्यांचा रस्ता बराच सुकर होतो.

याच्याही आधीची, आणि जवळपास विनाखर्चाची, एक गोष्ट आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेश नोंदवहीत, या मुलांच्या जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते आताच पाहून घ्या. मला तिथे ‘शीख’, ‘पंजाबी’, ‘सरदारजी’ अशा नोंदी वारंवार दिसल्या आहेत, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जे विचारले त्याला निरक्षर आईने जे सुचले ते उत्तर दिलेले असते. नावांचेही तसेच: एका कागदावर सिंग, दुसऱ्यावर सिंह, तिसऱ्यावर सिंघ, मुलीच्या नावापुढे कुठे कौर आहे तर कुठे वडिलांचे आडनाव. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे अर्ज करून हे दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते, पण शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यानंतर तेच काम फार अवघड होऊन बसते. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद प्रवेशाच्या दिवशीच बरोबर झाली, तर दहा वर्षांनंतरची केवढी तरी धावपळ वाचते. जन्माची नोंद नसणे हीदेखील सर्रास आढळणारी अडचण आहे. एक वर्षापेक्षा अधिक उशीर झाला असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानेच नोंद होते. मात्र वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि दुसऱ्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणूनही नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो. या तरतुदीचे मराठी प्रतीचे एक पान जवळ ठेवावे आणि गरज पडेल तेव्हा आदराने दाखवावे.

हे सगळे करणार कोण, या प्रश्नाशीच माझे उत्तर येऊन थांबते. बाहेरून आलेला कार्यकर्ता आठवड्यातून एकदा येईल, फार तर दोनदा. मूल शाळेत गेले नाही हे त्याच दिवशी कळायला हवे, आणि ते वस्तीत राहणाऱ्यालाच कळते. बहुतेक वस्त्यांत बारावीपर्यंत शिकलेली एखादी सून किंवा मुलगी असते, किंवा आयटीआय झालेला पण नोकरी न लागलेला मुलगा असतो. अशा व्यक्तीला नियमित आणि सन्मानाचे मानधन द्यावे. सेवा म्हणजे फुकट काम, असा अर्थ गरिबाच्या बाबतीत आपण लावू नये; संपन्न माणसाने लंगरात सेवा करणे वेगळे आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्या घरातील मुलीकडून वर्षभर विनावेतन काम घेणे वेगळे. मी निवड करताना तिचे गुण कमी आणि तिचा वस्तीतला वावर अधिक पाहते. कोणत्याही घरात तिला चहा मिळतो का, भांडण झाले की दोन्ही बाजू तिच्याशी बोलतात का, हे महत्त्वाचे. शक्यतो बाई निवडावी, कारण सातवीनंतर मुलींना शाळेत टिकवण्यासाठी त्यांच्या आयांशी जे बोलावे लागते ते बाईच बोलू शकते.

या कार्यकर्तीचे रोजचे काम असे असते. सकाळी शाळेच्या वेळेआधी वस्तीत एक फेरी मारायची. हायस्कूलच्या मुलींना एकत्र करून एसटीपर्यंत न्यायचे आणि त्यांचा मोफत पास वेळेत काढून द्यायचा. महिन्यातून एकदा मुख्याध्यापकांना भेटायचे. आईवडील हंगामावर निघाले की मुलांना आजीकडे किंवा चुलत्याकडे ठेवण्याची बोलणी करायची. संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग घ्यायचा. हंगामात मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय हा स्वतंत्र विषय आहे, आणि इथे गुरुद्वाऱ्याचा लंगर खरोखर कामी येतो. एरवी वस्तीत वर्षभर फुकट जेवण देण्याची गरज नसते आणि लोकांना ते आवडतही नाही, पण हंगामातले काही आठवडे मुलांना दोन वेळचे जेवण गुरुद्वाऱ्यात मिळाले, तर आजी त्यांना ठेवून घ्यायला तयार होते आणि शाळा बुडत नाही. आपल्या रकमेतील धान्याचा वाटा त्या आठवड्यांसाठीच राखून ठेवावा, असे मी सुचवेन.

अभ्यासवर्गासाठी जागा शोधत बसू नका. वस्तीत निशान साहिब, म्हणजे शिखांचा धर्मध्वज, उभारलेला छोटा गुरुद्वारा बहुधा असतोच. पत्र्याचा असेल, एका खोलीचा असेल, पण तो सर्वांचा असतो, तिथे वीज असते आणि मुलगी संध्याकाळी तिथे गेली तर घरचे निर्धास्त असतात. ग्रंथी (गुरुद्वाऱ्यात ग्रंथाचा पाठ करणारे) आणि समिती यांची परवानगी आधी घ्यावी, आणि वर्गाची वेळ रहिरासच्या, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेच्या, पाठाशी जुळवून ठेवावी. भाषेचा प्रश्न इथेच येतो. घरात ही मुले आपली स्वतंत्र बोली बोलतात, गुरुद्वाऱ्यात गुरुमुखी लिपीतल्या ग्रंथाचा पाठ ऐकतात आणि शाळेत प्रमाण मराठीला सामोरी जातात. अनेक शीख संस्था वस्तीत गुरुमुखीचे शिक्षक पाठवतात आणि ते काम मोलाचे आहे, कारण स्वतःचा ग्रंथ वाचता येण्याने या मुलांची मान ताठ होते, हे मी पाहिले आहे. पण शाळेत टिकायचे तर पहिली दोन-तीन वर्षे मराठी वाचन पक्के व्हायला हवे, आणि तिकडे बहुधा कोणाचे लक्ष नसते. म्हणून वर्गाचा मुख्य वेळ मराठी वाचन आणि गणिताला द्यावा, शेवटचा अर्धा तास गुरुमुखीला द्यावा, आणि दोन्ही शिकवणारी माणसे एकमेकांशी बोलत राहतील असे पाहावे.

आता फीचा विचार करू. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची फी भरणे दात्याला सर्वांत समाधान देते, कारण एका मुलाचे नाव, फोटो आणि प्रगतिपुस्तक हाती येते. पण ज्या घरात इंग्रजीच काय, मराठी वाचणारेही कोणी नाही, तिथले मूल तिसरी-चौथीपर्यंत त्या शाळेत एकटे पडते, आणि दात्याने हात आखडता घेतला की त्याला मधूनच बाहेर पडावे लागते. एका घरातल्या एका मुलाला तिथे घातले आणि त्याची बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिली, तर घरातही नको ती दरी पडते. खासगी शाळेतच घालायचे असेल, तर शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांचा मार्ग आधी तपासा. महाराष्ट्रात भटक्या जमातींचा समावेश वंचित घटकात होत असल्याने त्यांना उत्पन्नाची अट लागू होत नाही, मात्र जातीचा दाखला लागतो, म्हणजे आपण पुन्हा कागदांपाशीच येतो. फीसाठीचा पैसा मी नववीपासून पुढे वापरते: दहावीच्या शिकवणीला, अकरावीच्या प्रवेशाला, आयटीआयला, परिचारिका अभ्यासक्रमाला. शासकीय शिष्यवृत्ती मंजूर होऊन खात्यात जमा व्हायला उशीर होतो आणि तोपर्यंत महाविद्यालय थांबत नाही. त्या मधल्या काळासाठी आपल्या गटाने बिनव्याजी उचल द्यावी आणि शिष्यवृत्ती आली की ती परत निधीत यावी, ही पद्धत थोड्या रकमेत पुष्कळ मुलांना पुरते आणि घेणाऱ्याचा स्वाभिमानही राखते.

शाळा काढण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. महाराष्ट्रात नवी खासगी शाळा सुरू करायला २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली परवानगी लागते, जागा आणि आर्थिक तरतुदीच्या अटी असतात, आणि सहा-सात कुटुंबांच्या मासिक रकमेतून शिक्षकांचे पगार दीर्घकाळ निघत नाहीत. त्याहून मोठी हरकत अशी, की वस्तीची स्वतंत्र शाळा म्हणजे वस्तीतील मुलांनी वस्तीतच राहणे. जे अंतर मिटवायचे, तेच आपण इमारत बांधून पक्के करतो.

शीख परंपरेत शाळा काढण्याचा वारसा मोठा आहे, हे मी विसरत नाही. अमृतसरचे खालसा कॉलेज १८९२ मधले. त्याच वर्षी भाई तख्तसिंग यांनी फिरोजपूरला मुलींची शाळा सुरू केली. आपल्या मुंबईत माटुंग्याचे गुरू नानक खालसा महाविद्यालय १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने उभे राहिले. हिमाचलातील बडू साहिब येथे १९८६ मध्ये पाच मुलांनिशी सुरू झालेल्या अकाल अकादमीचे जाळे पुढे पंजाबच्या खेड्यापाड्यांत पसरले. पण या प्रत्येकामागे मोठे न्यास, जमीन आणि आयुष्य वाहून घेतलेली माणसे होती. आपल्या गटाने ज्यांच्याकडे पाहावे असे मला वाटते, ते अमृतसरच्या पिंगलवाडा या निराधारांना सांभाळणाऱ्या संस्थेचे संस्थापक भगत पूरनसिंग. १९३४ च्या सुमारास लाहोरच्या गुरुद्वाऱ्यात सोडून दिलेल्या एका अपंग मुलाला त्यांनी सांभाळायला घेतले आणि वर्षानुवर्षे पाठीवर वाहिले. संस्थेची रीतसर नोंदणी १९५७ मध्ये झाली. आधी माणसाची जबाबदारी, मग संस्था, हा क्रम मला आपल्या कामासाठीही योग्य वाटतो.

मोठ्या संस्थेकडे रक्कम सोपवण्यात गैर काही नाही, परंतु तसे केल्यास ती रक्कम आपल्याच वस्तीत येईल असे धरून चालू नका. मोठ्या संस्था त्यांच्या प्राधान्यक्रमाने काम करतात, आणि आपत्तीच्या वेळी त्या जे करतात ते आपल्यासारख्या गटांना करता येणार नाही. त्यांच्याकडे विशिष्ट मदत मागावी: गुरुमुखीचा शिक्षक, उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती, नांदेडला शिकणाऱ्या मुलांच्या निवासाची सोय. इंग्लंडमधील नातेवाईकांविषयी मात्र काटेकोर राहा. ते भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असतील, तर ती रक्कम कायद्याने विदेशी देणगी ठरत नाही; त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर ते मूळचे भारतीय असले तरी ठरते. अशी देणगी केवळ विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील विहित खात्यातून घेता येते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एक संस्था अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणजे ‘मोठ्या संस्थेत जमा करू आणि त्यांच्याकडून आपल्याकडे घेऊ’ हा मार्ग बंद आहे. नातेवाईकांनी नोंदणीकृत संस्थेच्या एखाद्या शिष्यवृत्तीला थेट मदत करावी आणि आपला निधी भारतातल्या पैशावर चालवावा, हे सुरक्षित.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, पहिल्या दोन वर्षांत शंभर रुपयांतील साधारण साठ मानधनावर, वीस कागदपत्रांवर आणि प्रवासावर, दहा हंगामातील जेवणावर जावेत, आणि दहा नववीपुढच्या मुलांच्या उचल निधीत पडावेत. हे प्रमाण काटेकोर नाही. वस्ती शहरात असेल, घरे पक्की असतील आणि कुटुंबे फिरत नसतील, तर जेवणाचा वाटा लागणार नाही आणि दहावीपुढच्या मुलांची संख्या अधिक असल्याने उचल निधी वाढवावा लागेल. वस्ती अजून पालात राहत असेल, तर घरपट्टीची नोंद, शिधापत्रिका आणि आधार यांपासूनच सुरुवात करावी लागेल आणि शाळेचा परिणाम दिसायला अधिक काळ लागेल. आपला गट किमान तीन वर्षे टिकणार नसेल, तर मानधनाची जबाबदारी घेऊच नये, फक्त कागदपत्रांचे काम घ्यावे, कारण ते अर्धवट राहिले तरी जेवढे झाले तेवढे मुलांच्या हाती राहते.

शिक्षणाच्या कामात आईवडिलांच्या कमाईकडे दुर्लक्ष करून चालत नाही. बापाचे उत्पन्न थोडे स्थिर झाले की हंगामी भटकंती कमी होते, हा माझा अनुभव आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहार, कुलूप बनवणारे, हातोडा व अवजारे बनवणारे आणि शस्त्रकार यांचा समावेश आहे, म्हणजे शिकलगारांचे जवळपास सगळे हुन्नर त्यात येतात. प्रशिक्षणाच्या काळात दररोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. कार्यकर्तीने अर्ज भरून द्यावेत; पण कर्ज घ्यायचे की नाही, हा निर्णय त्या कुटुंबावर सोडावा. ज्या मुलांच्या हातात पिढीजात लोखंडाचे काम आहे त्यांना वेल्डर किंवा फिटरच्या आयटीआयकडे वळवणे हेही स्वाभाविक वाटते, मात्र मुलीला किंवा मुलाला वेगळे काही करायचे असेल, तर समाजाचा वारसा म्हणून ते त्यांच्यावर लादू नये.

एक नाजूक मुद्दा राहतो, आणि आपल्या गटात शीख व इतर दोघेही असल्याने तो आधीच बोलून घेतलेला बरा. काही दाते केस राखणाऱ्या मुलांनाच मदत देण्याचा आग्रह धरतात. त्यामागची भावना मला समजते: विखुरलेला, गरीब समाज आपली ओळख हरवून बसेल ही भीती खरी आहे. पण शिक्षणाच्या मदतीला अशी अट घालू नये, असे माझे ठाम मत आहे. शिखांची प्रार्थना, अरदास, ‘सरबत दा भला’, म्हणजे सर्वांचे भले, म्हणून संपते, त्यात कोणाला वगळलेले नाही. अट घातली की मदत मिळावी म्हणून पटका बांधला जातो आणि मदत थांबली की उतरतो, त्यातून श्रद्धाही वाढत नाही आणि शिक्षणही नाही. उलट पटका बांधणाऱ्या मुलाला शाळेत चिडवले जात असेल, तर मुख्याध्यापकांशी बोलून ते थांबवणे, गुरुपुरबाला, म्हणजे गुरूंच्या स्मृतिदिनाच्या उत्सवाला, वर्गातील सगळ्या मुलांना गुरुद्वाऱ्यात लंगरासाठी बोलावणे, यांमुळे ओळख अधिक सन्मानाने टिकते. त्याच न्यायाने, वस्तीशेजारी पारधी किंवा वडार घरे असतील, तर त्यांची मुले संध्याकाळच्या वर्गात बसली पाहिजेत. पंगतीत जसा कोणाला जात विचारून बसवत नाहीत, तसेच इथेही व्हावे. निधीचा हिशेब दर महिन्याला गुरुद्वाऱ्यातच संगतीसमोर, म्हणजे जमलेल्या भाविकांसमोर, वाचून दाखवावा आणि भिंतीवर लावावा, आणि दप्तर घेताना मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणे पूर्णपणे टाळावे.

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे कार्यकर्तीची निवड आणि जनरल रजिस्टरची तपासणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत व्हायला हवी. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले मिळवण्यासाठी तहसील कार्यालयात निकालानंतर फार गर्दी होते, तेव्हा दहावी-बारावीच्या मुलांचे अर्ज परीक्षा संपताच द्यावेत. पहिल्या भेटीला जाताना कोणतीही घोषणा करू नका आणि वस्तू नेऊ नका. आधी गुरुद्वाऱ्यात मत्था टेका, मग वस्तीतल्या बायकांबरोबर बसून कोणाचे मूल कितवीत आहे एवढेच विचारा. कुटुंबे वर्षातून कोणत्या महिन्यांत बाहेर असतात, हायस्कूल किती अंतरावर आहे, आणि वस्तीत कोणाकडे तरी जात वैधता प्रमाणपत्र आधीपासून आहे का, हे तीन तपशील आपण कळवलेत, तर कागदपत्रांचे पहिले प्रकरण कसे निवडावे, ते मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.